कच्चा सोबती

"काय डबडं आहेस रे! छेद सारखे केल्याशिवाय बेरीज करतात का?" मृण्मयीने फोनवर 'गणितकट्टा' या ॲपमध्ये लिहिलं.

आईने शेजारून वाचलं. "असं बोलतात का कुणाला?"

"आई, तो माणूस नाहीये. इथे आधी एका कच्च्या सोबत्याला शिकवावं लागतं, मगच आपली शंका विचारता येते. ते सोबती म्हणजे यंत्रं. मुद्दाम चुकतात. आमच्या वर्गात सगळेच त्यांना झापतात."

सोबत्याने पुन्हा अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश असंच उत्तर दिलं. खाली लिहिलं, "ताई, मी यंत्र नाही."

"तसं म्हणायलाही शिकवलंय त्याला," मृण्मयी म्हणाली. 'अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल? कर विचार,' असं लिहून तिने त्याला तिथेच सोडलं आणि बीजगणितातली स्वतःची शंका विचारली.

लगेच एक आठवीतला दादा शिकवायला आला. त्याने समजावलं, पण तिला कळलं नाही. तिने परत विचारलं.

"आज काय डबडं गळ्यात पडलंय माझ्या!" पलीकडून उत्तर आलं.

मृण्मयीने घाईघाईने लिहिलं, "दादा, मी यंत्र नाहीये."

"हो, हो. सगळी डबडी असंच म्हणतात."

तिने ते संभाषण बंद केलं. मग आपल्या सोबत्याकडे परत गेली. तो अजून तिथेच होता.

"तुझं नाव काय रे?" तिने विचारलं.

सोबत्याचं उत्तर आलं.

"आधी गणित बरोबर करतो, ताई. मग सांगतो."