आप्पांची गॅलरी

"हे टोक जरा धरा हो बाबा," गॅलरीचं माप घ्यायला आलेला महिपती म्हणाला आणि उत्तरेश्वर आप्पांनी टेपचं टोक मुकाट्याने धरलं. आपलीच झोपायची जागा हा माणूस मोजतोय, हे त्यांना काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. दारात उभ्या असलेल्या पूर्णिमाला, त्यांच्या सुनेला, मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सातवा महिना लागला होता तिला. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात फ्रिज, सोफा, हिंजवडीचं ऑफिस पुरेना म्हणून घरीही घेतलेला कॉम्प्युटर आणि नवरा-बायको. पाळणा टांगायचा तर माणसांनी कुठे लटकायचं? उरली ती गॅलरी. वर पत्रा टाकला, बाजूंनी काचा लावल्या, की बाळाची छान खोली झाली असती. पण गॅलरीत आप्पा झोपत. आणि आप्पा छताखाली झोपत नसत.

हे शंभूने तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. दहा वर्षांपूर्वी किल्लारीच्या भूकंपात त्यांचं दगडामातीचं घर खाली बसलं. शंभूची आई आणि धाकटी बहीण मुक्ता आत होत्या, त्या गेल्या. शंभू शिकायला पुण्यात होता आणि आप्पा अंगणात झोपले होते, म्हणून हे दोघे वाचले. तेव्हापासून आप्पा कधी छपराखाली झोपले नाहीत. "भीती बसलीय त्यांच्या मनात. विषय काढायचा नाही," शंभूने बजावलं होतं. कुणी काढलाही नाही. शेवटच्या मजल्यावरचं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापणारं हे घर कुणी घेईना. शंभू-पूर्णिमाने ते आनंदाने घेतलं, कारण त्याची गॅलरी उघडी होती. पावसाळ्यात आप्पा खाटेवर ताडपत्री ओढून झोपत. शेजारच्या सुहासिनीबाईंनी एकदा पूर्णिमाला जिन्यातच गाठलं होतं. "सासऱ्यांना बाहेर ठेवायची पद्धत आहे वाटतं तुमच्यात?" असं विचारायला पुण्यात ओळख लागत नाही.

महिपती गेला तशी पूर्णिमा शंभूवर उखडली.

"आप्पा कुठे झोपणार, ते ठरवलंस का?"

"गच्चीला तर सोसायटीने कुलूप घातलंय," शंभू चाचरत म्हणाला. "खाली आवारात, वॉचमनच्या शेजारी मोकळी जागा आहे..."

"वा! नातवंड येणार म्हणून आजोबांना वॉचमन करून टाक!" तिचे डोळे भरून आले. "नको मला ती खोली. सोफा काढ आणि तिथे पाळणा टांग. आपण दाटीवाटीने राहू. पण त्या माणसाची झोप काढून माझं बाळ झोपणार नाही."

शंभूने त्याच संध्याकाळी महिपतीला काम नको म्हणून कळवलं. आप्पांना मात्र कुणी काहीच सांगितलं नाही. विषय काढायचा नव्हता ना!

पूर्णिमा बाळंतपणाला माहेरी, शनिवार पेठेत गेली. मुलगी झाली. आईने सव्वा महिना तिला डिंकाचे लाडू खाऊ घातले, शेक-शेगडी केली आणि मग एका सकाळी शंभूच्या हवाली केलं. इकडे दारात सुहासिनीबाई भाकरतुकडा घेऊन तयारच होत्या. त्यांनी तो मायलेकींवरून ओवाळून टाकला आणि "सासऱ्यांना आत घेतलंत हं शेवटी," असं म्हणून घेतलंच.

पूर्णिमाला काही कळेना. ती आत आली आणि जागीच थांबली. सोफा गेला होता. त्या जागी पाळणा टांगलेला होता आणि पाळण्याखाली आप्पांची वळकटी नीट उलगडून ठेवली होती. सकाळी शंभू निघेपर्यंत गॅलरीत असलेली खाट आता तिथे नव्हती. आप्पा भिंतीला टेकून बसले होते, डोळे दाराकडे लावून.

"आप्पा, अहो, हे काय? गॅलरी झाकायचं आम्ही केव्हाच रद्द केलंय. तुमची जागा तुमचीच आहे. आमच्यासाठी इथे झोपू नका. तुम्हाला भीती वाटते ना..."

"भीती? कशाची?" आप्पांनी खरोखरच न कळून विचारलं.

पूर्णिमाने वर छताकडे पाहिलं. शंभूने खाली मान घातली.

आप्पांनी हात पुढे केले, नातीला घेतलं आणि हलकेच पाळण्यात ठेवलं.

"छताचं भ्या न्हाई गं माय मला," ते म्हणाले. "गणपती विसर्जनाची रात होती. मला परतायला उशीर झाला. दोघी मायलेकी गाढ झोपल्या होत्या. झोपमोड नको म्हणून दार वाजवलं न्हाई, अंगणातच पडलो. त्या आत राहिल्या अन् मी बाहेर वाचलो. मग आत झोपायला मला तोंडच राहिलं न्हाई."

आप्पांनी पाळण्याची दोरी हाताशी ओढून घेतली.

"आता लेकरू आत हाय," ते म्हणाले. "पुन्हा बाहेर कसा झोपू?"