अर्ध्यावरचं निशाण

"बाबा, हुकूम कळला नव्हता, तर 'कळला' असं निशाण का चढवलंत?"

हा प्रश्न बाबांना तोंडावर विचारून दाखवायची, अशी वर्गातल्या मैत्रिणींनी लावलेली पैज विनीने जेवणाच्या टेबलावर एका दमात जिंकली. बाबा आरमारात निशाणवाले, म्हणजे जहाजाजहाजांतले संदेश निशाणं चढवून देणारे; तुर्कस्तानजवळच्या दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतल्या मोहिमेवरून रजेवर आलेले. त्यांचा काटा हवेतच थांबला.

"आगाऊ कार्टी!" आई ओरडली.

"विचारू दे गं." बाबा शांतच होते. "मुख्य जहाजाचा हुकूम नुसता दिसला, तर उत्तराचं निशाण अर्ध्यावर ठेवायचं. कळला, की टोकाला न्यायचं. धुरात आम्हाला काहीच उमगेना. पण कप्तान म्हणाले, 'किती वेळ अर्ध्यावर? सगळं आरमार हसेल!' मी दोरी ओढली. जहाज भलतीकडे वळलं, पाण्यातल्या सुरुंगावर गेलं. अकरा जण गेले."

विनीने चमचा खाली ठेवला.

"मग आता दोघंही ऐका. काल तुम्ही म्हणालात, ईस्टरनंतर शाळा सोड, बायकांचे कॉर्सेट शिवायच्या कारखान्यात कामाला जा. का, ते मला कळलं नव्हतं. तरी शहाणी दिसावं म्हणून मी मान डोलावली. तो होकार मागे घेतला. शाळा मी सोडत नाही. माझं निशाण अजून अर्ध्यावरच आहे!"