टोपडं

डाळ शिजेपर्यंत चार टाके, नळाला पाणी येईपर्यंत चार, असं करत मुलुंडच्या बिऱ्हाडात कुंदाचं लोकरीचं टोपडं विणून होत आलं होतं. सातवा महिना होता. पहिलं बाळ हाती लागलं नव्हतं.

सासूबाईंनी ते पाहिलं. "अगं, बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही करू नये. एकदा पोळलोय ना आपण!" असं म्हणत त्यांनी सुया काढून टोपडं उसवून टाकलं. कुंदा उसवलेली लोकर गुंडाळू लागली.

मग सासूबाईंनी ट्रंक उघडली. मामंजी गेल्यापासून कुणाला हातही लावू न दिलेला त्यांचा स्वेटर बाहेर काढला आणि गळ्याकडून उसवायला घेतला.

"अहो आई, मामंजींचा आहे तो!"

"जुन्या लोकरीचं चालतं, पोरी. हे टोक धर."