ठेंगणं दार

२०२२ साली यवतमाळात आमचा रस्ता रुंद झाला. शेजारच्या रुखमाबाईचं घर त्यात गेलं. बदल्यात घरकुल मिळायचं होतं. तोवर ती नेरला लेकीकडे, मोनालीकडे राहायला गेली. इकडे डिव्हायडर दोनदा बांधला, दोनदा फोडला.

तिचं दार फार ठेंगणं होतं. वाकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे. नवा रस्ता सुरू झाला, आणि नेमक्या त्याच जागी गाडीवरची माणसं मान खाली घालू लागली. अनोळखीसुद्धा.

एका पोरीला मी थांबवलं. "काहून वाकली वं?"

"मी कुठी वाकली, आजी? डोळे तपासून घ्या," म्हणत ती हसली.

उन्हाळ्यात रुखमाबाई आली. "कुंदाताई, लेकीच्या दारात किती दिवस राहू? मले माह्या घरी जायचं हाय."

भर दुपारी ती रस्त्यावर उतरली. त्या जागी वाकली. पलीकडे निघालीच नाही.

मोनाली अजून आईला शोधते आहे. ती हसणारी पोर पुण्याला नोकरीला लागली. घरकुल यंदा मंजूर झालं. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं, "रुखमाबाई कुठे असतात?"

मी म्हटलं, "घरीच आहे. हाक मारू का?"