मशेरीचा वास

जुईचे दुधाचे दात पडायला लागले, त्या वर्षी शाळेने प्रत्येक मुलाला लाळ तपासणारा ब्रश दिला. सकाळी दोन मिनिटं तो तोंडात फिरला नाही, तर मुलाला वर्गात घेत नसत.

श्रावणात ब्रशने शाळेला कळवलं, की जुईच्या तोंडात कर्करोग आहे. तिची आई शर्वरी तिला घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. पोरगी ठणठणीत होती.

घरी येऊन शर्वरीने ब्रश हुंगला. त्याला मशेरीचा वास होता. घरात मशेरी लावायची ती नवऱ्याची थोरली बहीण द्वारका, आणि जुईचे दात घासायचं कामही तिच्याकडेच होतं.

"वन्सं, पोरीचा ब्रश तुम्ही तोंडात घालता?"

"मग काय करू? भवानी तोंड उघडत नाही, चावते. तिची शाळा बुडवू?"

"शी! तुमची घाण तिच्या ब्रशला!"

"तुझी लेक, तू घास. सकाळी उठवतं का तुला? ते राहू दे, डॉक्टर काय म्हणाले पोरीला?"

द्वारका हल्ली एकाच गालाने भाकरी चावते, हे शर्वरीने केव्हाच पाहिलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "ब्रश बिघडलाय."

तिने शाळेतून नवा ब्रश आणला आणि कपाटात कुलपात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून जुईचे दात ती स्वतः घासू लागली.

द्वारका त्याच वर्षी माघात गालाच्या कर्करोगाने वारली.