आपल्या माणसाची माती

"पोरींचं काम नाय हे," म्हणत कबरी खणणाऱ्या म्हाताऱ्या सॅन्टनने कुदळ तिच्या हातातून काढून घेतली.

आल्बिना जागची हलली नाही. वय पंधरा, पण हट्टाला पक्की.

पाचूबंदर गावाची ती दफनभूमी टीचभर. जागा पुरायची कुठून? म्हणून पाच वर्षं झाली की जुनी कबर उकरायची, हाडं भिंतीजवळच्या हाडांच्या विहिरीत ठेवायची आणि जागा पुढच्याला द्यायची. येत्या नोव्हेंबरात तिच्या बापाची, फ्रेडरिकची पाळी होती.

फ्रेडरिकला समुद्राने गिळलं आणि चौथ्या दिवशी परत दिलं. दहा वर्षांच्या आल्बिनाला तेव्हा पेटीजवळसुद्धा येऊ दिलं नव्हतं. आई आधीच गेलेली. दुसऱ्याच आठवड्यात पोरीला मुंबईला एका घरी भांड्यांवर धाडलं. आता ती परत आली होती ती एवढ्याचसाठी.

"मला त्याला एकदा हात लावायचाय, काका. परक्याने उचलायला नको."

"आपल्या मानसाची माती आपन उकरायची नाय. बापजाद्यांचा नेम हाय."

"का?"

"हात उठत नाय म्हनून."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

लागलं ते म्हाताऱ्याला.

"माझी इझाबेल पन हितंच हाय," तो म्हणाला. "सहा वर्सांची. पायात वाळे वाजवत हिंडायची. बारा वर्सं झाली. फादर दर साली विचारतात, मी म्हनतो, पुढच्या साली. अख्खा गाव उचलला मी, पन..." त्याने कुदळ तिच्यापुढे टाकली. "धर. कमरेत वाकू नको, मोडशील."

आणि शिकवलं हो त्याने! गावाने नावं ठेवली. हिच्याशी आता लग्न कोण करणार, म्हणाले. पण सॅन्टनच्या बाजूला बसायला तरी गावातलं कोण येत होतं? दुपारी तो भाकरी मोडायचा आणि अर्धी न बोलता तिच्यापुढे सारायचा. कुदळ कुठे थांबवायची, हात कधी घालायचा, कापडात हाडं ठेवताना पाय आधी आणि डोकं शेवटी, सगळं तिला येऊ लागलं. दिवसभर दोघं एका भिंतीआड राबत आणि आपापलं दुःख आपापल्यापाशी ठेवत.

पावसात कुजतात म्हणून लाकडी क्रूस काढून सॅन्टनच्या खोपटात ठेवलेले. सगळी माती सारखी. कोण कुठे, ते फक्त म्हाताऱ्याच्या डोक्यात. ऑक्टोबरात त्याने एकट्यानेच डांबर लावून ते क्रूस परत रोवले. फ्रेडरिकचा क्रूस बाभळीखाली आला, इझाबेलचा भिंतीकडे.

"केवढीशी जागा ही! माझा बाप चांगला उंच होता."

"माती खचते, पोरी."

मृतांच्या सणाच्या आदल्या सकाळी आल्बिनाने बाभळीखाली पहिला घाव घातला. हात उठला. मान वर केली तर भिंतीकडे, इझाबेलच्या क्रूसापाशी, सॅन्टनही खणत होता. केली एकदाची हिंमत म्हाताऱ्याने! तिला भरून आलं.

"काका, मोडला बघा आपण दोघांनी तो नेम!"

सॅन्टनने मान वळवली नाही. "हळू काढ, आल्बिना," एवढंच म्हणाला. "लई जपून काढ."

माती मऊ लागली तशी तिने कुदळ बाजूला ठेवली, कापड पसरलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात आत घातले. पाय आधी.

"बाबा, मी आलेय," ती म्हणाली.

बोटांना काहीतरी गार लागलं. तिने ते बाहेर काढून ओच्याला पुसलं. चांदीचे दोन वाळे होते, तिच्या मनगटातही न जाणारे.