वजीर द्यायचाच

तन्मय पडवळने प्याद्याला हात लावला आणि पंचांच्या टेबलावर लाल दिवा लागला.

जोगबाई लगबगीने आल्या. नऊ वर्षांचा असताना त्याने हसत हसत वजीर देऊन एका ग्रँडमास्टरला हरवलं होतं, तेव्हाही पंच त्याच होत्या. त्या दिवसापासूनचा त्याचा प्रत्येक डाव आता चाली तपासणाऱ्या यंत्राच्या पोटात होता. संगणकाची चोरून मदत घेणाऱ्यांनी वात आणला, तेव्हा नियमच झाला, की खेळाडूच्या स्वभावात न बसणारी चाल त्याची नव्हेच. डावही बाद, खेळाडूही बाद.

"तन्मय, हे काय?" बाई कुजबुजल्या. "यंत्र म्हणतंय, इथे तू वजीर देणार."

"वजीर दिला तर हरतो, बाई. प्यादं एक घर सरकवलं की जिंकतो. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी साधं दिसलंय हो."

"मला पटतंय रे. पण यंत्राला कोण समजावणार? खरं तर हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. पण चुकून लागला म्हण, मी सोडते."

तन्मय क्षणभर प्याद्याकडे बघत राहिला. मग त्याने बोटं उचलली.

"चुकून लागला," तो म्हणाला आणि त्याने वजीर पुढे सरकवला.

हिरवा दिवा लागला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. "अजून तस्साच आहे!" मागून कुणीतरी कौतुकाने ओरडलं.

समोर बसलेल्या मुलीने मानही वर केली नाही. तिने वजीर मारून बाजूला ठेवला. उत्तर ती घरूनच पाठ करून आली होती.